एकांकिका उभी करताना : ठाण्यातील एका हौशी गटाच्या प्रकल्प नोंदी

१४ जुलै २०२४, रविवार

वर्तकनगर परिसरातील आमच्या गृहसंकुलातील दहा जणांनी मिळून एक मराठी एकांकिका बसवायची आणि ती संकुलाच्या मंडपात न करता भाड्याच्या नाट्यगृहात, तिसरी घंटा देऊन रीतसर सादर करायची, असे आज ठरले. यापूर्वी गणेशोत्सवातील प्रहसनांपलीकडे कोणाचाही अनुभव नाही. गटात बँकेतून निवृत्त झालेले एक काका, महापालिकेच्या शाळेतील एक शिक्षिका, महाविद्यालयात शिकणारी दोन मुले, वागळे इस्टेटमधील एका कारखान्यात फिटर म्हणून आयुष्य घालवलेले एक आजोबा आणि उरलेले आम्ही नोकरदार असा सगळा मेळ आहे. या नोंदी आमच्यासारख्याच एखाद्या गटाला उपयोगी पडाव्यात म्हणून ठेवत आहोत; त्यामुळे खर्च आणि वाया गेलेला वेळ यांतले काही झाकलेले नाही.

संहिता गटातल्याच एकाने लिहिलेली आहे. बंद पडत चाललेल्या एका कारखान्याचे कँटीन, शेवटच्या हिशेबाच्या धनादेशाची वाट पाहणारे दोन कामगार (त्यातला एक दत्तोबा), एक टाइमकीपर आणि कँटीन चालवणाऱ्या मावशी, एवढाच पसारा. स्थळ एक, काळ एका पाळीचा, पात्रे चार. हौशी गटाने पहिल्या खेपेस याहून मोठा घास घेऊ नये, असे आमचे मत आहे. घरातलीच संहिता असल्याने लेखकाच्या परवानगीचा आणि मानधनाचा प्रश्न आला नाही. दुसऱ्याची संहिता घेणाऱ्यांनी ती लेखी परवानगी तालमीच्या आधी हातात घ्यावी.

२८ जुलै, रविवार

दोन वाचने झाली. पहिल्या वाचनाला सव्वा तास लागला. आम्हाला चाळीस-पंचेचाळीस मिनिटे हवी होती. लेखकाने सुरुवातीला एकेक वाक्य काढून पाहिले, परंतु त्याने फारसा फरक पडेना. मग प्रत्येक प्रवेशासमोर समासात एकच गोष्ट लिहिली : या क्षणी या पात्राला समोरच्याकडून नेमके काय हवे आहे? दत्तोबाला टाइमकीपरकडून हजेरीचे जुने कार्ड हवे आहे, टाइमकीपरला त्याची सही हवी आहे, मावशींना दोघांकडून थकलेली उधारी हवी आहे. जिथे समासात काही लिहिता आले नाही, ती पाने निघाली. त्यात कारखान्याच्या वैभवाच्या आठवणींचे एक लांबलचक स्वगतही गेले; ऐकायला ते सर्वांत सुंदर होते आणि ते कापताना लेखकाचा चेहरा पाहवत नव्हता. आता वाचन अठ्ठेचाळीस मिनिटांवर आले आहे.

फिटर आजोबांनी तपशिलाच्या बऱ्याच दुरुस्त्या सांगितल्या. कार्ड पंच करण्याच्या यंत्राचा आवाज कसा असतो, भोंगा पाळी सुटताना होतो तसा सुरू होण्याआधीही होतो, आणि कामगार कँटीनमध्ये शिरताना टोपी काढून खिशात कोंबतो, ही माहिती कोणत्याही पुस्तकातून आम्हाला मिळाली नसती.

संहितेच्या प्रती प्रमाणपत्रासाठी, नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या राज्य सरकारच्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवण्याचे काम बँकवाल्या काकांनी अंगावर घेतले आहे. हे काम प्रयोगाच्या तोंडावर ठेवू नये.

४ ऑगस्ट, रविवार

क्लबहाउसमध्ये उभ्याने पहिली तालीम. अर्धा वेळ डावे-उजवे करण्यात गेला. दिग्दर्शक समोर बसून ‘डावीकडून ये’ म्हणतो आणि नट स्वतःच्या डावीकडे वळतो, असा गोंधळ सतत होत होता. शेवटी प्रेक्षकांकडे तोंड करून उभ्या असलेल्या नटाचा उजवा हात म्हणजे उजवीकडची विंग, हे एकच माप सर्वांनी धरायचे ठरले आणि संहितेच्या सर्व प्रतींवर तसे लिहिले. प्रकाशयोजना आणि ध्वनी सांभाळणाऱ्यांनीही हेच माप वापरायचे आहे.

हालचाली बसू लागल्या आहेत. तरुण कंत्राटी कामगाराचे काम करणारा मुलगा बोलताना एका पायावरून दुसऱ्या पायावर डोलतो. ही खोड सांगून जाईना, तेव्हा त्याच्या हातात भांडी पुसायचे फडके दिले. हाताला काम मिळाल्यावर पाय आपोआप थांबले.

१८ ऑगस्ट, रविवार

आज नाट्यगृह पाहून आलो आणि दोन आठवड्यांचे काम जवळपास पुसले गेले. जागा ठाण्यातीलच आहे, लहान आहे, आमच्या खिशाला परवडणारी आहे. गडकरी रंगायतन किंवा घाणेकर नाट्यगृहाचे मुख्य सभागृह भरण्याइतका प्रेक्षक आम्हाला मिळणार नाही, हे पहिल्यापासून स्पष्ट होते. सोबत मोजपट्टी नेली होती. रंगमंचाचे दर्शनी तोंड ३० फूट, खोली २२ फूट, आणि रंगमंचाच्या कडेपासून शेवटची रांग ५८ फुटांवर. आमचे क्लबहाउस १७ फूट बाय १४ फूट आहे.

फरक कागदावर दिसतो त्यापेक्षा कितीतरी मोठा निघाला. दत्तोबा उजव्या विंगेतून आत येऊन टेबलाशी पोहोचतो, तेव्हा क्लबहाउसमध्ये त्याला तीन पावले लागत आणि तेवढ्यात ‘आला का रे धनादेश?’ हे वाक्य संपत असे. इथे त्याला नऊ पावले लागली. वाक्य वाटेतच संपले आणि उरलेले अंतर तो मुकाट्याने चालत राहिला; आम्ही खुर्च्यांत बसून त्याचे ते चालणे पाहत राहिलो. भांडणाच्या प्रसंगात एकमेकांच्या अंगावर धावून जाणारी दोन माणसे इथे रस्त्याच्या दोन कडांवरून ओरडल्यासारखी वाटली.

कोपऱ्यातल्या खुर्च्यांवर बसून पाहिले, तेव्हा आणखी एक गोष्ट उघड झाली. डाव्या टोकाच्या खुर्चीवरून डाव्या विंगेलगतची पाच-सहा फुटांची पट्टी दिसतच नाही, आणि आम्ही मावशींची शेगडी नेमकी तिथेच मांडली होती.

घरी आल्यावर नाट्यशास्त्राचा दुसरा अध्याय काढून वाचला. भरताने नाट्यगृहाची विकृष्ट (आयताकृती), चतुरस्र (चौरस) आणि त्र्यस्र (त्रिकोणी) अशी रूपे सांगून त्यांची ज्येष्ठ, मध्यम आणि कनिष्ठ मापे दिली आहेत आणि माणसांसाठी ६४ हात लांब, ३२ हात रुंद असे मध्यम माप योग्य ठरवले आहे. एक हात म्हणजे साधारण दीड फूट धरला, तर हे ९६ फूट बाय ४८ फूट होते. त्याचे कारणही तो देतो : वास्तू याहून मोठी केली तर नटाचे बोलणे अस्पष्ट होते आणि चेहऱ्यावरचे भाव प्रेक्षकाला दिसत नाहीत. आम्ही ज्याला अभिनयाचा प्रश्न समजत होतो, तो आधी अंतराचा प्रश्न होता.

२५ ऑगस्ट, रविवार

तालीम क्लबहाउसमधून स्टिल्ट पार्किंगमध्ये हलवली. रविवारी दुपारी गाड्या बाहेर लावण्याची विनंती सोसायटीच्या कार्यालयाने फलकावर लावली. पावसात गाडी बाहेर काढायला लागल्याबद्दल दोघांनी चांगलेच सुनावले, तेही ऐकून घेतले. खांबांच्या मधल्या मोकळ्या जागेत रंगमंचाची पूर्ण बाह्यरेषा पांढऱ्या टेपने आखली. साधा सेलोटेप ओल्या फरशीवर तासाभरात सुटला. रंगकामाला वापरतात तो मास्किंग टेप फरशी कोरडी पुसून लावला, तेव्हा तो टिकला.

सगळी ३० फुटांची रुंदी वापरण्याचा मोह सोडला. चार पात्रांच्या कँटीनला एवढी जागा झेपत नाही. दोन्ही बाजूंना चार-चार फूट काळ्या पडद्यांनी झाकून २२ फूट रुंद आणि १४ फूट खोल असा खेळाचा भाग ठरवला, त्याच्या दोन्ही बाजू मागे जाताना आत वळवल्या आणि कोपऱ्यातल्या खुर्चीपासून सुतळी ताणून कोणती जागा झाकली जाते ते तपासले. शेगडी मध्यापासून थोडी उजवीकडे आली. टेबल पुढे ओढले. दत्तोबाचे प्रवेशानंतरचे वाक्य आता तो टेबलाशी येऊन टोपी खिशात घातल्यावर म्हणतो. त्यामुळे चालताना तो गप्प राहतो खरा, पण प्रेक्षकाला त्या गप्प राहण्याचे कारण कळते.

भांडणाचा प्रसंग पुन्हा बसवायला सर्वाधिक वेळ लागला. आधी दोघेही सतत हलत होते. आता टाइमकीपर टेबलामागे बसूनच राहतो आणि एकटा दत्तोबा जवळ जातो, लांब होतो, पुन्हा जवळ जातो. एकाने जागा धरून ठेवली की दुसऱ्याच्या प्रत्येक पावलाला वजन येते, हे टेपच्या रेषेत उभे राहिल्यावर सर्वांना आपसूक पटले.

परवा दहीहंडी आहे. शेजारच्या मैदानात गोविंदा पथकाचा सराव आणि त्याचा ढोल चालू होता, त्यामुळे आवाजाची तालीम आज झालीच नाही.

७ ते १७ सप्टेंबर

गणेशोत्सव. पार्किंगमध्ये मंडप. तालीम बंद. पाठांतर घरी करायचे ठरले होते. ते कोणीही केले नाही.

२२ सप्टेंबर, रविवार

आजची नोंद मुद्दाम सविस्तर लिहीत आहे, कारण यापुढे कितीही पैसे खर्च केले असते तरी ही उणीव झाकली गेली नसती.

गटाबाहेरच्या एका शेजारणीला रंगमंचाच्या रेषेपासून ५८ फुटांवर, पार्किंगच्या प्रवेशद्वाराशी खुर्ची टाकून बसवले. हातात संहिता नाही. जे कळले नाही, तिथे तिने हात वर करायचा. पहिली पाच मिनिटे हात वर आलाच नाही आणि आम्ही खूश झालो. नंतर प्रसंग थांबवून तिला कथा विचारली, तर ती म्हणाली की दत्तोबाने राजीनाम्यावर सही केली आहे आणि आता तो पस्तावला आहे. आमची सगळी एकांकिका त्याने सही केलेली नाही यावर उभी आहे.

वाक्य असे होते : ‘साहेब, त्या कागदावर मी सही केलेली नाही.’ दत्तोबाचे काम करणारे बँकवाले काका ‘साहेब’पासून ‘केलेली’पर्यंत खणखणीत बोलत, श्वास तिथे संपे, आणि ‘नाही’ हा शब्द ओठांतच विरून जाई. शिवाय त्याच शब्दावर ते टेबलाकडे वळत, म्हणजे तोंड मागच्या पडद्याकडे. मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येते आणि होकार-नकाराचा निकाल तिथेच लागतो; नटाने शेपूट सोडले की अर्थ उलटतो. ऐकणाऱ्याला आपले काही ऐकायचे राहिले असे वाटतही नाही, म्हणूनच तिचा हात वर आला नव्हता. गटातील प्रत्येक जण हेच करत होता, त्यातल्या त्यात कमी-जास्त एवढेच.

पहिला उपाय म्हणून सर्वांनी आवाज चढवला. त्याने वाक्याची सुरुवात आणखी मोठी झाली, शेवट तसाच राहिला आणि मावशींचा घसा बसला. मग वाक्ये उलट्या क्रमाने पाठ केली : आधी ‘नाही’, मग ‘केलेली नाही’, मग ‘सही केलेली नाही’, असे मागून पुढे. लांब वाक्यांत श्वासाच्या जागा पेन्सिलीने खुणा करून ठरवल्या. आणि एक नियम केला की वाक्य संपल्याशिवाय मान वळवायची नाही. वळायचेच असेल तर आधी वळून मग बोलायचे. तासाभराने तीच शेजारीण त्याच खुर्चीवर बसली, तेव्हा तिने कथा बरोबर सांगितली.

ऐकणारा माणूस प्रत्येक तालमीला बदलावा. संहिता ऐकून ऐकून पाठ झालेल्याला न ऐकू आलेले शब्दही ऐकू येतात.

६ ते १९ ऑक्टोबर

नेपथ्याचे काम सुरू केले. कोपरीतून पाइनच्या पट्ट्या आणल्या आणि आठ फूट उंच, चार फूट रुंद अशा पाच चौकटी केल्या, कोपऱ्यांना प्लायवूडचे त्रिकोणी तुकडे मारले आणि वर मांजरपाट ताणला. पाण्यात फेव्हिकॉल मिसळून त्याचा हात दिला, म्हणजे कापड वाळताना ताणले जाते आणि रंग धरते. संध्याकाळी सर आली, कापड रात्रभर ओलेच राहिले आणि सकाळी दोन चौकटींवर लाटा उठलेल्या दिसल्या. ते कापड काढून पुन्हा लावावे लागले.

मोठे नुकसान दाराचे झाले. टाइमकीपर रागाने दार आपटून बाहेर जातो, असे संहितेत होते. त्यासाठी सुताराकडून बिजागऱ्यांसह खरे दार बसवलेली वेगळी चौकट करून घेतली. ३,२०० रुपये लागले. दार आपटले की शेजारची सगळी कारखान्याची भिंत पंख्याखालच्या कॅलेंडरसारखी फडफडे. मागे टेकू दिले, वाळूच्या पिशव्या ठेवल्या, तरी थरथर पूर्ण गेली नाही. कोणीही हसले असते. दोन रविवार त्यावर घालवल्यानंतर दार काढून टाकले. आता तिथे नुसती मोकळी जागा आणि वरून सोडलेला, तेलकट डाग पाडलेला पडदा आहे. टाइमकीपर जाताना हजेरीची वही टेबलावर आपटतो. राग तेवढाच पोहोचतो आणि वही चाळीस रुपयांची आहे.

हे दार आता पाण्याच्या टाकीशेजारी उभे आहे. कोणाला हवे असल्यास द्यायचे आहे.

२० ऑक्टोबर, रविवार

प्रकाश. भाड्याने देणाऱ्या मुलाने सरावासाठी एक हजार वॅटचे चार हॅलोजन दिवे आणि त्यांचा प्रकाश कमी-जास्त करणारा डिमर आणून दिले. क्लबहाउसच्या एकाच मोठ्या सॉकेटवरून चारही पेटवताच फ्यूज-पेटीतला खटका खाली आला. चार हजार वॅटना २३० व्होल्टवर सतरा अँपिअरहून अधिक विद्युतप्रवाह लागतो आणि घरगुती मोठे सॉकेट सोळाचे असते, हा हिशेब आधी करायला हवा होता. दोनच दिवे वापरून सराव केला. प्रयोगाला नाट्यगृहाचा स्वतंत्र जोड मिळणार असल्याने तिथे हा प्रश्न नाही.

दिवा डोक्यावरून लावला तर डोळ्यांच्या खोबणीत आणि नाकाखाली काळोख साचतो. अगदी समोरून लावला तर चेहरा सपाट होतो. समोरून दोन्ही बाजूंनी, साधारण ४५ अंशांच्या तिरकस कोनातून दोन दिवे टाकल्यावर चेहरा माणसाचा दिसू लागला. मात्र दत्तोबाच्या टोपीचा पुढचा भाग तरीही डोळ्यांवर सावली टाकत होता. आजोबांनी सांगितलेली टोपी खिशात घालण्याची सवय इथे अनपेक्षितपणे कामी आली : प्रवेश करताच टोपी उतरते, आणि चेहरा दिसू लागतो.

रंगाचा घोळ वेगळाच. संध्याकाळच्या पाळीचे वातावरण म्हणून दिव्यांवर गडद अंबर जिलेटीन, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावले, तर कामगारांचे निळे कपडे मळकट करडे दिसू लागले. निळ्या कापडाला परत फेकायला निळा प्रकाश लागतो आणि अंबर कागद नेमका तोच अडवतो. एका बाजूला फिकट अंबर आणि दुसऱ्या बाजूला कागद न लावलेला पांढरा दिवा ठेवल्यावर कपडे निळे राहिले आणि संध्याकाळही राहिली. स्टीलच्या किटलीवरून दिव्याची तिरीप पहिल्या रांगेच्या डोळ्यांत जात होती. किटलीला कोरडा साबण घासून वाळवला. चकाकी गेली आणि किटली जुनी दिसू लागली.

१० नोव्हेंबर, रविवार

दिवाळीनंतरची पहिली तालीम. पाठांतर ढिले झाले आहे. भरीस भर म्हणून २० तारखेला विधानसभेचे मतदान आहे आणि मावशींचे काम करणाऱ्या शिक्षिकेला निवडणुकीची ड्यूटी लागली आहे. प्रशिक्षणाचे दिवस आणि मतदानाच्या आदल्या दिवसापासूनचा मुक्काम धरून ती बऱ्याच तालमींना नसेल. तिच्या जागी महाविद्यालयातील मुलगी संहिता हातात घेऊन उभी राहते. निदान इतरांच्या हालचाली बिघडत नाहीत. प्रत्येक भूमिकेला असा एक पर्यायी माणूस जुलैतच नेमून ठेवणे शहाणपणाचे ठरले असते.

रंगभूषेबाबत थोडक्यात : तरुण मुलाला पन्नाशीचा टाइमकीपर करण्यासाठी कपाळावर सुरकुत्यांच्या रेषा ओढल्या, त्या जवळून वाघाच्या पट्ट्यांसारख्या आणि सहाव्या रांगेतून मुळीच न दिसणाऱ्या निघाल्या. रेषा पुसल्या. कानशिलांवर किंचित पांढरे, चष्मा दोरीला बांधलेला, आणि खुर्चीतून उठताना टेबलावर हात टेकणे, एवढ्यावर तो पन्नाशीचा वाटतो. कपडेपटातून भाड्याने आणलेले गणवेश कडक इस्त्रीचे होते; ते पुरेसे चुरगाळण्यासाठी मुले दोन दिवस घालून फिरली.

२४ नोव्हेंबर, रविवार

ध्वनी. भोंग्याचे ध्वनिमुद्रण लॅपटॉपवरून वाजवायचे ठरवले होते. सलग तालमीत अत्यंत गंभीर शांततेच्या क्षणी स्पीकरमधून कोणाच्या तरी व्हॉट्सअॅप संदेशाची टिंग ऐकू आली. आता ध्वनीसाठी एक वेगळा जुना मोबाइल आहे, त्यात सिमकार्ड नाही आणि तो विमान मोडवर असतो.

दुसरी अडचण इशाऱ्याची होती. भोंगा ‘चहा’ या शब्दावर वाजवायचा, असे ध्वनी सांभाळणाऱ्याच्या प्रतीत लिहिले होते. परंतु कँटीनच्या नाटकात चहा हा शब्द किती वेळा येतो, याचा विचार लिहिणाऱ्याने केला नव्हता. भोंगा दोन पाने आधीच झाला आणि दत्तोबा धनादेश येण्यापूर्वीच घरी निघाला. तेव्हापासून ध्वनी आणि प्रकाशाचे सर्व इशारे शब्दावरून काढून कृतीवर बांधले आहेत : मावशी किटली शेगडीवरून उतरवून टेबलावर ठेवतात, किटलीचा तळ टेबलाला लागला की भोंगा. कृती नजरेने दिसते आणि ती एकदाच घडते.

भोंगा वाजत असताना कोणी बोलायचे नाही, असेही ठरवले. सुरुवातीला नट त्यावरून ओरडत होते. आता चौघेही जिथल्या तिथे थांबतात. फिटर आजोबा म्हणाले की प्रत्यक्षातही माणसे भोंग्याला अशीच थांबत असत.

३० नोव्हेंबर, शनिवार

रात्री रंगीत तालीम. टेम्पो घोडबंदर रस्त्याच्या कोंडीत अडकल्याने नेपथ्य तास-दीड तास उशिरा पोहोचले आणि दिव्यांच्या जागा ठरवायला वेळ कमी पडला. टेपच्या मापावर तालीम झालेली असल्याने नटांना मात्र नवीन काहीच वाटले नाही. पहिल्याच खेपेला सर्वांची पावले जागच्या जागी पडली. दोन प्रसंगांमधल्या अंधारात टेबल हलवताना एकाचा गुडघा फुटला. मग टेबलाच्या पायांच्या जागांवर अंधारात चमकणाऱ्या टेपचे लहान तुकडे लावले आणि अंधाराचा अवधी मोजून आठ सेकंदांवर आणला. त्याहून लांबला की खोकले आणि कुजबुज सुरू होते, हे समोर बसलेल्या आमच्याच घरच्यांनी दाखवून दिले.

हाती धरायच्या वस्तूंसाठी विंगेत एक टेबल ठेवून त्यावर खडूने चौकोन आखले आणि प्रत्येक चौकोनात वस्तूचे नाव लिहिले : कार्ड, वही, फडके, धनादेशाचे पाकीट. चौकोन रिकामा दिसला की वस्तू कोणाकडे तरी अडकली आहे हे अंधारातही कळते.

१ डिसेंबर, रविवार

प्रयोग झाला. नटराजाची पूजा, नारळ, तीन घंटा, सगळे वेळेवर. सत्तेचाळीस मिनिटे लागली. धनादेशाचे पाकीट दत्तोबाने उघडण्याच्या प्रसंगात काका एक संपूर्ण परिच्छेद विसरले. विंगेतून पुटपुटणे ऐकू आले, पण त्यांना ते उचलता आले नाही. टाइमकीपर झालेल्या मुलाने उठून स्वतःच पाकीट त्यांच्या हातातून घेतले, उघडले आणि आकडा वाचला. प्रेक्षकांना काही कळले नाही. समासात लिहिलेली ती ‘कोणाला काय हवे आहे’ची नोंद त्याच्या डोक्यात होती, म्हणून त्याला पुढची वाट सापडली, नुसती वाक्ये पाठ असती तर दोघेही उभे राहिले असते.

‘सही केलेली नाही’ या वाक्यावर मी शेवटच्या रांगेत बसलो होतो. ऐकू आले. त्यानंतर तिसऱ्या रांगेतून कोणीतरी ‘बरोबर आहे’ म्हणाले.

उणी राहिलेली बाजू म्हणजे डावीकडचा पुढचा कोपरा. तिथे प्रकाशाचा काळा खड्डा पडला होता आणि मावशींचे उधारीचे सगळे बोलणे त्यातच झाले. आदल्या रात्री वेळ असता तर प्रत्येक नटाला त्याच्या जागी उभे करून दिवे जुळवता आले असते. पुढच्या वेळी टेम्पो दुपारीच निघेल.

८ डिसेंबर, रविवार

हिशेब. नाट्यगृहाचे भाडे, रंगीत तालमीसह, १५,००० रुपये. नेपथ्य १३,४००, त्यात न वापरलेले दार धरलेले आहे. प्रकाश ८,५००, ध्वनी ३,०००, कपडेपट आणि रंगभूषा ४,२००, टेम्पो आणि हमाली ४,५००, चार-साडेचार महिन्यांचा चहा-नाश्ता ६,१००, आणि छपाई, टेप, किरकोळ मिळून १,८००. एकूण ५६,५०० रुपये. प्रत्येकी ३,००० रुपये वर्गणीचे ३०,००० आणि १५० रुपयांच्या १९२ देणगी प्रवेशिकांचे २८,८०० असे ५८,८०० जमले. शिल्लक २,३००.

चहा-नाश्त्याचा आकडा पाहून काहींनी भुवया उंचावल्या. तालमीला वडापाव नसेल तर महाविद्यालयातली मुले येत नाहीत, हे त्यांना समजावून सांगितले आहे.

अनामत रक्कम अजून परत मिळायची आहे. रंगमंचाच्या फळ्यांवर चमकणाऱ्या टेपचा गोंद राहिला असल्याचा निरोप आला होता. काल दोघे जण जाऊन रॉकेलचा बोळा आणि प्लास्टिकची पट्टी घेऊन तो खरवडून आले. व्यवस्थापकांनी फळ्या पाहिल्या आहेत, धनादेश पुढच्या आठवड्यात निघेल असे सांगितले आहे.